मराठी मसुदा

भोसरीच्या शेडमध्ये लावायचं म्हणून
धोरणाचं मराठी मला करायला दिलं.
'परदेशी अधिकाऱ्यास, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष,
कोणतीही मौल्यवान वस्तू'
इथवर सरळ आलं.

मग लाच.
मुळात एकाच शब्दावर भागलंय.
माझ्याकडे चिरीमिरी आहे, चहापाणी आहे,
हात ओले करणं, कागदावर वजन ठेवणं,
आणि वडील म्हणायचे ते, "त्यांचं काय ते बघून घ्या",
ज्यात पैसा येतच नाही कुठे.
सगळे लिहिले तर फलक पुरायचा नाही.

पुढे 'अनुपालन' लिहिलं.
लेथवरचे काळोखे वाचून म्हणाले,
म्हणजे ऐकणं ना?
कुणाचं?

पंप फेब्रुवारीत गेले.
बंदराचं नाव लिहीत नाही, फाइल अजून उघडी आहे.
एजंटच्या बिलात एक ओळ होती :
स्थानिक समन्वय, चार टक्के.
मी लाल शेरा मारला, पैसे थांबवले.
शाबासकीची मेल आली त्यांच्याकडून
ज्यांनी मागच्या तिमाहीत हीच ओळ पास केली होती.

तेव्हापासून तेवीस पंप खोक्यांत, उन्हात,
आणि ते चालू करून द्यायला गेलेला इरफान तांबोळी
लॉजच्या खोलीत.
एकोणचाळिसाव्या रात्री त्याचा फोन :
मॅडम, ट्रेनिंगला मला वीसपैकी वीस होते.
'नाही म्हणा' असं उत्तर होतं. म्हटलं नाही.
साहेब हसले. चहा त्यांनीच पाजला मला.
उद्या या म्हणाले.
रोज उद्या.
पुढची स्लाइड कुठली होती?

पुढच्या स्लाइडवर प्रमाणपत्र होतं.
नाव भरायचं, प्रिंट काढायची.

मी काय सांगणार.
कोथरूडचा फ्लॅट नावावर करताना
वकिलाच्या हाती 'वरचे' म्हणून दिले होते मी,
पावती मागितली नव्हती.
घेणारा परदेशी नव्हता.
धोरणात बसत नाही.

त्या रात्री मसुद्यात एक ओळ घातली मी, माझी :
नाही म्हटल्यामुळे माल अडला, माणूस अडकला,
तर नुकसान कंपनीचं, त्याचं नाही.
लीगलने खोडली. मुळात नाही, म्हणाले.
बरोबरच आहे. नाहीच.

फलक लागला कॅन्टीनच्या दाराशी.
खाली तेवढी जागा कोरी राहिली.
तांबोळीचा आज सेहेचाळिसावा दिवस,
आणि त्या कोऱ्या जागेत कुणीतरी खडूने
आजची भाजी लिहून गेलंय.
गवार.