काटा

दातांच्या डॉक्टरनं नागपुरात, बजाजनगरच्या सावलीत,
काही लपवलं नाही.
म्हणाला, धांडे, देखणी आहे, पण तापते.
या मॉडेलच्या सगळ्याच तापतात.
वॉटर पंपातली पाती प्लास्टिकची,
ती तुटतात, मग पाणी फिरत नाही,
मग हेड जातं, मग तुम्ही.
मी ऐकल्यासारखं केलं.
मी तिच्या मागच्या चाकावरचा उंचवटा बघत होतो,
पाणी प्यायला वाकलेल्या जनावराच्या पुठ्ठ्यासारखा,
लाल.
जुन्या ट्रॅक्टरच्या भावात मिळाली.

बावीस वर्षं मी सबमर्सिबल मोटारी भरतो.
तांब्याची तार, वार्निश, कागद, लाकडी हातोडी.
माझ्या दुकानात येतं ते जळूनच येतं,
वास आधी, माणूस मागून.
साडेतीनशे फुटांवरून पाणी वर आणणाऱ्यानं
दीड फुटात पाणी न फिरवणारी गाडी घेतली,
हे वनमाला तिसऱ्या दिवशी बोलली.
पहिले दोन दिवस तिनं फक्त ताट वाढलं.

गावात शिरलो तेव्हा पोट्टे धावले.
शाळेसमोरच्या गतिरोधकावर पोट टेकलं,
चौघांनी उचलून पलीकडं ठेवली,
नवं कपाट ठेवतात तशी, दमानं.
'दोनच सीटा? मंग बाकीचे कुठी बसतीन?'
'बाकीचे कोण?' मी म्हणालो,
आणि म्हणायला नको होतं.
वनमाला पदरानं काचेवरची धूळ पुसत राहिली,
पुसून झालेली सुद्धा.

मार्च ते जून ती गोणपाटाखाली.
सावलीत शेहेचाळीस, तिला कुठं काढता.
कारंज्याच्या मुनाफ शेखनं लेथवर
पितळेची पाती कातून दिली.
पहिली जाड झाली.
दुसरी किंचित डोलायची,
तिनं मूर्तिजापूरच्या रस्त्याला नेलं आणि तिथंच सोडलं.
तिसरी बसली.
'आता पंप नाही जात,' मुनाफ म्हणाला, 'आता पाइप जाईन.'
पाइप गेला.

'भाऊ, माह्या मोटारीले आठ दिस झाले,
तुमी त्या लालीच्याच मागं.'
खरं होतं. रात्री बसून भरल्या त्यांच्या मोटारी,
बोटं तांब्याला, कान गोठ्याकडं,
जिथं ती थंड होताना
टिक्, टिक् करायची.

डिसेंबर. पहाटेचे पाच. समृद्धी महामार्ग.
वनमालाच्या मांडीवर पाच लिटरची कॅन.
मी रस्ता बघायचा, तिनं काटा, असं ठरलं होतं.
दोन्हीकडं तूर, दवानं जड.
'ऐंशी,' ती म्हणाली.
वेग की ताप, विचारलं नाही.
आणि मग तो आवाज आला,
भरलेली मोटार पहिल्यांदा लाईनवर लावली की येतो तो,
कुठं घासत नाही, कुठं अडत नाही,
बावीस वर्षांत तो मी
दुसऱ्यांच्या विहिरींसाठी ऐकला होता.
साडेचार मिनिटं.
तिच्या कानातलं हलत होतं एवढं दिसलं.

'उठून राह्यला,' ती म्हणाली.
'थांबू?'
ती काट्याकडं बघत होती.
माझ्याकडं सगळं जळून आल्यावर येतं,
ही एकटी आधी सांगते.
'थो पूल होऊ दे,' वनमाला म्हणाली.

पूल झाला.
कडेला घेतली, बॉनेट उघडलं,
वाफ दवात मिसळेना, वेगळी उभी राहिली.
गस्तीची जीप आली. बॅटरीचा झोत तोंडावर.
'बंद पडली काय?'
'नाही,' वनमाला म्हणाली, मी तोंड उघडायच्या आधी,
'थंडी होऊन राह्यली.'

अर्ध्या तासानं कॅन ओतली. गाडीनं घटाघटा घेतलं.
तळाशी दोन घोट उरले.
एक तिनं घेतला.
मी हात पुढं केला तर बूच लावलं.
'राहू द्या,' म्हणाली,
'वापस जायचं हाये.'