एक बोट कमी

वादळाला किनाऱ्यावर नाव होतं.
रेडिओवरची बाई दोन दिवस ते घेत राहिली.
मग त्यानं ओडिशा ओलांडलं, बस्तरची झाडी ओलांडली,
आणि मुलचेऱ्याला येईतो
नाव वाटेत कुठंतरी गळून पडलं.
तहसीलच्या कागदावर नुसतं:
कमी दाबाचा पट्टा. सतर्क राहावे.

मी कोतवाल. पंचायतीमागच्या पर्जन्यमापकाची किल्ली
माझ्या पदराला.
सकाळी साडेआठला बाटली काढायची,
मोजपात्रात ओतायची,
वाकून डोळा पाण्याच्या रेषेत आणायचा,
आकडा फोनवर सांगायचा.
पाऊस नसला तर शून्य.
शून्य सांगायलाही कोणीतरी लागतं.

सतरा नंबरच्या वस्तीतला निरापद मिस्त्री
पावसाळाभर इकडे फिरकत नाही.
जून-जुलैचा पाऊस तुमचा, म्हणतो.
तो येतो दिवाळीच्या आगेमागे,
कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत पडल्या असताना
पूर्वेचं आभाळ जस्ताच्या पत्र्यासारखं झालं की.
मी कुलूप काढते.
तो बाटलीत बोट बुडवतो, जिभेला लावतो,
'नोना नाय,' म्हणतो,
आणि छत्री न उघडता घरी जातो.

सोळा वर्षं
माझा ऑक्टोबरचा आकडा
एक बोट कमी जातो आहे वर.

जाळं विणताना एकदाच बोलला.
वाऱ्यानं माणूस मरत नाही, म्हणाला, वाऱ्यात उभं राहता येतं.
पाणी भिंतीसारखं आलं म्हणतात, ते खोटं.
ते शेतासारखं आलं, आडवं, सपाट,
गुरांसकट, चुलींसकट चालत.
आम्ही सुपारीच्या झाडावर होतो, आई पण होती.
आई पाण्यात गेली नाही.
सकाळी पाणी उतरलं,
विहीर जागेवर होती, काठोकाठ,
आणि कोणाला पिता येत नव्हती.
आई चौथ्या दिवशी गेली.
तहानेनं.
मग त्यानं दातानं दोरा तोडला
आणि मला रोहूचा भाव सांगितला.

माना कॅम्पातून इथं आणलं,
जमिनी वाटल्या,
तेव्हा बाकीचे माती बोटांत चोळून पाहत होते.
यानं चिमूट जिभेवर ठेवली.
अमीन हसला. रजिस्टरात 'निरपद' लिहिलं.
गेलेल्या कान्याचा अर्ज
अजून पडून आहे कुठंतरी.

काल रात्रभर ओतलं.
बोडी फुटली, शाळेच्या पटांगणात मासे तडफडत होते,
पुंजण्यांवरची ताडपत्री
पार दिनेच्या काठाला सापडली.
साडेआठला मी कुलूप काढून उभी.
निरापद आला नाही.
त्याचा नातू पलाश तेवढा घमेलं घेऊन मासे वेचत होता.
आजोबाच्या पायाला सूज हाय, म्हणाला, उठता नाही येत.

फोन वाजला. मडावी, आकडा?
थांबा साहेब, अजून पडून राहिलं.
थेंब नव्हता.

बाटलीच्या तोंडावर तळवा ठेवला
आणि निघाले, चिखलातून, चप्पल हातात.
सोळा वर्षांत बाटली कधी हलवली नव्हती जागची.
नियमात बसत नाही.

तो बाजेवर, पायाखाली उशी.
मी बाटली धरली.
बोट थरथरत आत गेलं, जिभेपर्यंत गेलं.
बराच वेळ काही नाही.
मग म्हणाला, जीभ गेली माझी. कळत नाय. तू पाह्य.

मी समुद्र पाहिलेला नाही.
मीठ म्हणजे मला आठवड्याच्या बाजारातली पिशवी.
बोट बुडवलं.
गोड आहे, म्हटलं.
गोड नको सांगू, तो म्हणाला,
नोना आहे का नाय, तेवढं सांग.

नाय.

त्यानं डोळे मिटले.
परत येऊन मी पाणी मोजपात्रात ओतलं, वाकले,
रेषेत डोळा आणला.
एकशे अकराच्या जरा खाली.
दोन बोटं कमी.
फोन उचलला
आणि आहे तोच आकडा सांगितला.