डोळ्यांची उंची

बर्नलीच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
दर गुरुवारी साडेतीनला
आम्ही एक गिरणी उभी करतो.
भिंती माझ्या. भोंगा इद्रीसचा,
तोंडानेच काढलेला, फोनवर टिपलेला,
शेवटी आलेल्या खोकल्यासकट.
खोकला कापू का, मी विचारलं.
"राहू दे," तो म्हणाला, "गिरणीत खोकतातच."

फळ्यावर नियम, निळ्या मार्करने:
कुणी जिंकणार नाही.
भूत नको. (बेथनीला एक तरी हवं होतं. मतं कमी पडली.)
मुलगी दमली तर तिला बसता आलं पाहिजे,
यावर दोन आठवडे भांडण.
बसली तर मुकादम मारणार.
मारू दे. पण बटण हवं.
बटण ठेवलं.

कातायचं यंत्र मी महिनाभर घडवलं होतं,
चाकं, पट्टे, चारशे चात्या,
पितळेवर खिडकीतलं तिरपं ऊन.
ऑर्मरॉड बाई हेडसेट काढून म्हणाल्या,
"इतकं चकचकीत होतं होय?"
मी ते कौतुक समजले.

मग झोफिया. जी हजेरीलाही नुसतं बोट वर करते.
हेडसेट लावून बराच वेळ गप्प बसली.
"मी कोण आहे?"
तू मेरी. वय नऊ. यंत्राखाली शिरून कापूस झाडतेस.
"मग मुकादमाचं नाक माझ्यासमोर कसं?"

खुर्चीत बसून खेळायचा खेळ,
म्हणून डोळ्यांची उंची मी आधीच ठरवलेली.
माझी.

बाईंच्या ड्रॉवरमधून टेप आली.
झोफिया भिंतीला टाचा लावून ताठ.
डोळ्यांपर्यंत एकशे एकोणीस.
"तेव्हाची मुलं बुटकी होती, अजून काढ," इद्रीस म्हणाला.
एकशे अकरा.
वाकल्यावर साठ.
पालथी पडल्यावर पंधरा.
मी पंधरा टाकले, हेडसेट लावला,
आणि सरपटत आत गेले.

खाली काहीच नव्हतं.
यंत्राला पोटच नव्हतं.
अर्धी चाकं, कडा संपल्या की हवा,
आणि त्याच्या पलीकडे तो राखाडी रंग
जो आम्ही कुणी निवडलेला नसतो.
उभ्या माणसाला जे दिसणार नाही
त्यावर जीव काढायचा नाही:
आमच्या धंद्यातली ही पहिली काटकसर.
मी ती नव्या पोरांना शिकवलीसुद्धा आहे.

पुढचे चार गुरुवार आम्ही फरशीवर पालथे.
तेलाचे ओघळ, पिंजलेल्या कापसाच्या गुठळ्या,
कुणाचंतरी तुटलेलं शर्टाचं बटण,
एक उंदीर, ज्याच्या शेपटीवरून पुन्हा मतदान.

कापूस कुठून यायचा, इद्रीसने विचारलं.
अमेरिकेतून. तिथं लढाई पेटल्यावर आमच्याकडूनही.
आखूड धाग्याचा, सारखा तुटायचा,
इथले लोक त्याला शिव्या द्यायचे.
"आमच्याकडून म्हणजे?"
मी नकाशावर बोट ठेवलं.
बोटाखाली अख्खा खानदेश झाकला गेला.
"तिथं पण मुलं होती? कापसाखाली?"
असणार, म्हणाले.
कुठल्या उंचीवरून म्हणाले, ते मला कळलं.

काल पहिली चाचणी.
झोफिया आत गेली, झाडलं, सरकली,
आणि यंत्राच्या पोटाखाली ते बटण दाबलं.
बसली.
भोंगा झाला. खोकला झाला.
जिन्यात तिची आई, हातात ओली छत्री.
"झोफिया, काय दिसतंय?"
"बूट," ती म्हणाली. "सगळ्यांचे लाकडी बूट, ये-जा करणारे.
एक जोडी नुसती थांबलीय.
तिच्यात पाय नाहीत."

असली जोडी आमच्या यादीत नव्हती.
बेथनी एकाएकी खिडकीबाहेर
फार लक्ष देऊन बघू लागली.