तीस दिवसांची मुभा

गुरुवारी रात्री साडेअकराला, शेवटचा पेशंट गेल्यावर
बुथैना आली, पुठ्ठ्याचं खोकं पोटाशी धरून.
मुहर्रकची हवा एवढी दमट
की एक्स-रे रूमच्या दाराला घाम.
तिने टेबलावर कापूस पसरला
आणि चार हजार वर्षांपूर्वीची एक बाई
सुटी सुटी मांडली.

"नाव?" मी सवयीने विचारलं.
फॉर्मवर रकाना असतो.
बुथैना हसली नाही. म्हणाली,
"टेकाड सत्तावीस. तेच लिही."

डाव्या हाताचं हाड. मनगटाच्या जरा वर आडवी रेष.
ही रेष मी ओळखते.
डोक्यावर कुणी काही उगारलं
की हात आपोआप वर जातो
आणि घाव तिथे बसतो, जिथे हिला बसलाय.
महिन्याला दोन-तीन तरी येतात अशा.
फॉर्मवर मालकाच्या अक्षरात: जिन्यावरून पडली.
त्यांच्या नावाचा रकाना मात्र भरलेला असतो.

उद्या शुक्रवार, म्हणजे इथला आमचा रविवार.
चर्चमागच्या पत्र्याच्या खोलीत
जालन्याची, नगरची, सोलापूरची अकरा मुलं.
गेल्या खेपेला धडा होता वेढ्याच्या नियमाचा:
शत्रूचं गाव घेर, पण फळझाडाला कुऱ्हाड लावू नको,
झाडाने तुझं काय वाकडं केलंय?
रंगवायला मी खजुरीचं चित्र दिलं होतं.
केझिया उजागरे, वय नऊ, हिरवा खडू थांबवून:
"आणि झाडाखाली बसलेल्यांना?"
मी म्हटलं, वेळ संपली, प्रार्थनेला उभे राहा.

तिला सांगितलं नाही की पान उलटलं
की लुटीत मिळालेल्या बाईचाही नियम आहे.
घरी आणायची. केस भादरायचे, नखं कापायची,
पकडली तेव्हाचे कपडे उतरवायचे
आणि महिनाभर तिला आईबापासाठी रडू द्यायचं.
मग.

वडील पाळक होते. हे वाचताना चष्मा पुसायचे.
म्हणायचे, त्या काळी महिना कोण थांबत होतं?
आजूबाजूची सैन्यं एक रात्र थांबत नव्हती.
दया अशीच येते, बाळ, रांगत.
आई स्वयंपाकघरातून म्हणाली होती,
"तिला कुणी विचारलं का?"
आणि भाकरी उलटली.

पडद्यावर हाड उमटलं.
मी तुटक्या कडांची वाट पाहत होते.
पण रेषेभोवती धूसर, फुगीर गाठ:
जुळलंय. जरा वाकडं, पण जुळलंय.
म्हणजे घावानंतर ती जगली.
एवढं धरायलाच सहा आठवडे लागतात,
गाठ अशी गुळगुळीत व्हायला वर्षं.
कुणीतरी झावळीच्या दांड्याची फळी बांधली असेल,
कुणीतरी उजव्या हातात भांडं दिलं असेल.
ज्याने मारलं त्यानेच? त्याच्या आईने?
हिच्यासारखीच आणलेल्या दुसरीने?
हाड एवढं सांगत नाही.
रडण्याची तर त्यावर खूणच उरत नाही.

हिच्या वेळी तो नियम कुणी लिहिलाही नव्हता,
हे मला कळतं.
तरी मी बोटांवर दिवस मोजले. तीस. बेचाळीस.
तिसाव्या दिवशी, तेवढे मिळाले असते तरी,
हात अजून झोळीतच होता.

बुथैना तिच्या भाषेत काही पुटपुटली,
मेलेल्यांसाठी म्हणतात ते,
आणि खोक्याला चिकटपट्टी लावली.

बाहेर पार्किंगमध्ये खजुरीच्या घडांना
नगरपालिकेने जाळ्या बांधल्यात, पाखरं टोचू नयेत म्हणून.
प्रत्येक झाडाला नंबर.
मी गाडीत बसले, एसी लावला, निघाले नाही.
मागच्या सीटवर मुलांची चित्रं, उद्या परत द्यायची.
केझियाच्या झाडाखाली पेन्सिलने
कुणीतरी बसवलंय, एवढंसं, रंग न दिलेलं.
राहून गेलं की मुद्दाम,
तिला विचारायला हवं.