उजवा हात

आमच्याकडे, आपेन्झेलमध्ये, मत झाकून देत नाहीत.
एप्रिलच्या शेवटच्या रविवारी चौकाला दोर बांधतात,
प्रश्न वाचला जातो, आणि दोराच्या आतले हात वर करतात.
कोण कुठल्या बाजूचा,
हे इथं पोस्टमनलाही ठाऊक.

आत जायला पुरुषांना तलवार लागायची.
बाबांची तलवार आजोबांची, त्यांच्याही आधीची कुणाची.
शनिवारी रात्री बाबा ती राखेनं घासत,
मी तेलाची वाटी धरून उभी.
"धार नाही हिला," म्हणत, "नुसता मान आहे."
धार नव्हतीच.
मी अंगठा फिरवून पाहिला होता.

नव्वद साली मी नऊ वर्षांची.
औषधांच्या दुकानावरच्या खिडकीत मी आणि वाल्बुर्गा आत्या,
मध्ये मधाच्या बीबरचा पुडा.
खाली प्रश्न आला:
बायकांना दोराच्या आत घ्यायचं का?
"घ्या" म्हणणारे हात मी मोजायला लागले,
मग "नको" म्हणणारे उठले
आणि मोजणं राहूनच गेलं.

बाबांचा हात लगेच नाही उठला.
आधी कोपर. मग थोडं थांबणं,
परक्याचं दार ठोठावण्याआधी माणूस थांबतो तसं.
मग पंजा.

"बरं झालं," आत्या म्हणाली,
"थंडीत तिथं उभं राहून आपल्याला काय करायचंय?"
आणि बीबरचा तुकडा मोडून तिनं माझ्या तोंडात घातला.
गोड होता.
गिळला मी.

घरी आईनं सॉसेज वाढले, बटाटे वाढले,
विचारलं काहीच नाही.
दरवर्षी तलवार खिळ्याला तीच टांगायची.
त्या वर्षी आठ दिवस ती
दारामागं छत्र्यांच्या डब्यात उभी होती.
आमच्या घरात राजकारणावर झालेली चर्चा
ती एवढीच.

मग डोंगराखालच्या न्यायाधीशांनी निकाल दिला,
आणि पुढच्या एप्रिलात आईच्या हातात एक कार्ड आलं.
तिनं कोटाला दोनदा इस्त्री केली.
बाबा दहा पावलं पुढं चालत होते;
बेकरीच्या कोपऱ्यावर थांबले,
न सुटलेली बुटाची नाडी बांधत बसले
ती जवळ येईपर्यंत.

त्या दिवशी रस्ता रुंद करायचा प्रश्न होता, वरच्या कुरणांकडं जाणारा.
बाबांचा हात वर. आईचा खिशात.
परतताना ते म्हणाले, "रस्ता हवा होता, सेलिना."
ती म्हणाली, "मला नको होता."
मग पुलापर्यंत दोघं गायींविषयी बोलले.
मी मागून चालत होते.
कुणी मला काही शिकवत नव्हतं.

तलवार आता किलियानकडं, झुरिचला, दिवाणखान्यात.
त्याचं मत पाकिटातून टपालानं जातं.
माझ्याकडं कार्ड.
मी सरकारी पुस्तिका रात्री जागून वाचते,
चाळीस पानं, हातात पेन्सिल, समासात प्रश्नचिन्हं.
माझी मतं माझी आहेत, असं मी कुणालाही सांगेन.
आत्याला आवडली नसती अशी आहेत, बाबांनाही बरीचशी.

पण यंदा दोराबाहेर उभा असलेला माझा यान,
वय वर्षं बारा, घरी येताना म्हणाला,
"आई, तू हात असा का वर करतेस?"
"कसा?"
त्यानं करून दाखवला:
कोपर. थांबणं. पंजा.
पुस्तिकेत हे कुठल्याच पानावर नाही.

मी त्याला आजोबांचं सांगणार होते,
छत्र्यांच्या डब्याचंही.
तो म्हणाला, भूक लागलीय.
पर्समध्ये बीबर होता. तुकडा मोडला,
त्याच्या तोंडाशी नेला, आणि थांबले.
"घे," म्हटलं,
आणि त्याच्या हातात दिला.