एका बोटाचा उतार

पूर ओसरून नऊ आठवडे झाले होते
आणि खिडकीखाली चिखलाची रेघ तशीच होती,
तेव्हा ते आले. इंडियानातल्या कुठल्याशा चर्चची पांढरी व्हॅन,
बारा पोरं, दोन मोठी माणसं,
सगळ्यांचे टी-शर्ट एकाच रंगाचे, पाठीवर एक वचन.
वचन मला पाठ होतं. शर्ट नवे होते.

मी ऑर्लीना. केंटकीच्या या घळीत
माझ्या घराच्या पुढे रस्ता जात नाही.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, बर्फात, धुक्यात,
खोऱ्यातली निम्मी माणसं मीच ने-आण केलेली.
त्यामुळे दारात उभं राहून नुसतं ‘या’ म्हणणं
जड गेलं.
दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायचं तर आधी वाकावं लागतं,
आणि माझे गुडघे कधीचेच वाकत नाहीत.

त्यांनी जमीन उचकटली.
पावासारख्या फुगलेल्या फळ्या, त्यांच्याखाली गाळ,
गाळात माझा एक चमचा,
आणि तुळईवर होबर्टची पेन्सिल:
चौदा वजा नऊ बरोबर सहा.

पोरं हसली. मीही हसले.
खाणीतली पाळी संपवून रात्री कंदील टांगून
घर बांधत होता तो. झोपेतली वजाबाकी.
आणि मला इतकी वर्षं वाटायचं, डोंगर सरकतोय!
हातून निसटलेला वाटाणा दर वेळी
चुलीखालीच का जातो, ते त्या दिवशी कळलं.

फेन्स्टरमाकर नावाच्या त्यांच्या म्होरक्याने
लेव्हल ठेवून दाखवली. बुडबुडा कडेला चिकटलेला.
‘बाई, एका बोटाचा उतार आहे. काढून टाकू.’
दात काढून टाकू म्हणावं, तसं.

दुपारी ते व्हॅनमध्ये बसून सँडविच खायचे.
कुटुंबावर भार टाकायचा नाही, असा नियम.
तिसऱ्या दिवशी मी पहाटे उठून घेवडा शिजत घातला,
मक्याचा पाव भाजला, बारा ताटं शेजारणीकडून आणली.
फेन्स्टरमाकर म्हणाला, आभारी आहोत, पण नियम.
मी हातोडा त्याच्यासमोर धरला.
‘मग खिळे काढा.’

कुणी बोलेना.
टेगन नावाची एक पोरगी होती,
हातोडा अंगठ्यावर मारून घेणारी, नख काळं पडलेली.
तिने ताट उचललं, पायरीवर बसली,
आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, ‘मीठ आहे का?’
खरंच कमी होतं.
मग सगळेच जेवले.

शेवटच्या दिवशी हात धरून गोल केला.
‘या गरजू कुटुंबावर कृपा कर,’ तो म्हणाला.
मी हळूच डोळे उघडून बघितलं.
कुटुंब म्हणजे मी आणि कुत्रा.
कुत्रा त्यातल्या त्यात गरजू दिसत होता.

जाताना टेगनच्या हातात बरणी दिली,
वरच्या फळीवर पुराला न सापडलेल्या
सात बरण्यांतली एक, ब्लॅकबेरीची.
म्हटलं, भांडं रिकामं परत करायचं नसतं, माहीत आहे ना?
तिने मान हलवली. माहीत नव्हतं.

आता घर सरळ आहे. वाकडी मीच उरले.
रात्री पाणी प्यायला उठते तेव्हा पाय
उताराचा अंदाज घेऊन पडतो
आणि उतार नसतो.
मेज धरून उभी राहते जरा वेळ.
चांगलं काम केलंय पोरांनी, एक फळी करकरत नाही.
मुद्दाम वाटाणा टाकून पाहिला परवा.
होता तिथेच बसला, बावळटासारखा.

बरणी अजून आलेली नाही.
पोस्टमन विचारतो, कशाची वाट बघताय?
कशाची नाही, म्हणते.
येऊ नये लवकर.
तोवर इंडियानात कुणीतरी
माझं देणं लागतं.