बेलचा दिवा

तीस अंशांच्या कपाटातून बशी काढली
की पावाचा वास येतो. सयाजीगंजातल्या लॅबमध्ये
रात्री साडेअकराला भूक लागते ती त्यामुळेच.
खाली सेव-उसळवाला पातेलं घासतोय.

काचपट्टीवर यीस्ट. पाय नाहीत, डोळे नाहीत,
जागचं हलता येत नाही.
तरी समोरच्या जातीचा गंध झिरपत आला
की पेशी त्या बाजूला फुगू लागते,
लिंबाला देठाकडे टोक यावं तशी.
चालता येत नाही म्हणून वाढत जाते.

हे कसं, ते मला प्रबंधात मांडायचंय.
पेशीच्या कातडीत एक प्रथिन,
धावदोऱ्यासारखं सात वेळा आरपार,
एक टोक बाहेर, एक आत.
गंध बाहेरून टेकतो. आत येत नाही.
दोरा जरासा ताणला जातो, एवढंच.
आत तिघं टेकून बसलेले असतात;
एक जण मुठीतलं जुनं नाणं टाकतो, नवं उचलतो,
बाजूला सरकतो,
आणि उरलेले दोघे बातमी घेऊन निघतात.

सर म्हणाले, टिपणीसबाई, नाणं कशाला? जीटीपी लिहा.
लिहिलं.

पण दांडिया बाजारातल्या आमच्या ब्लॉकमध्ये
अप्पांना बेल ऐकू येत नाही, म्हणून
नटूभाई वायरमननं बेलला दिवा जोडून दिलाय.
दारात कोणी बटण दाबलं
की आत फ्रिजवर पिवळा उजेड पडतो.
माणूस बाहेरच. अप्पा सदरा खाली ओढतात,
आणि उठायच्या आधीच
त्यांचं सगळं अंग दाराकडे कलतं.

एकोणीस नंबरच्या बशीत मी तो दोरा उसवलाय.
त्या पेशी गंधात बुडवल्या तरी गोलच.
दुःखी वगैरे दिसत नाहीत.
उलट चांगल्या वाढतात.

आज मात्र धडधाकट पेशींचंच वेगळं दिसलं.
दोऱ्याला हिरवी खूण लावली होती;
गंध तासभर तसाच ठेवला,
तर कडेची हिरवी रेघ पुसट, आत हिरवे ठिपके.
पेशीनं दोरा ओढून घेतला होता. गिळला होता.
बहिरी झाली म्हणू नये.
पुरे म्हणाली.

रविवारी मालूआत्या आली, मग तिच्या सुना,
मग सोसायटीची वर्गणी, मग कोणाची तरी पोरं
बटणाशी खेळायला.
अप्पा शांतपणे स्टुलावर चढले,
बल्ब फिरवून काढला, रुमालात गुंडाळला,
खिशात ठेवला
आणि चहा पीत बसले.

नवा दोरा घालायला पेशीला वेळ लागतो.
किती, ते माझ्या वहीत आहे; मिनिटांत.
अप्पांचं वहीत नाही.

पूल ओलांडून घरी पोचते तेव्हा एक वाजलेला.
किल्ली आहे माझ्याकडे.
तरी बटण दाबते
आणि दाराखालच्या फटीकडे
बघत उभी राहते.